अकरा महिन्यांचा कागद

२ नोव्हेंबर. गॅसची रबरी नळी बदलायचं काम तीन आठवडे मागे पडलं होतं, ते आज उरकलं. देवासला आमच्या चौकातल्या दुकानदारानं नळी पाकिटातून काढून हातात दिली. मी ती फिरवून फिरवून तिच्यावर छापलेलं वर्ष शोधायला लागले.

“मॅडम, तारीख में क्या रक्खा है? एकदम नई है, चमक देखो.”

“चमक दिसतेय. बनी कब, ते बघतेय.”

निघाली चार वर्षांपूर्वीची. मी ती परत केली. त्यानं कुरकुरत आतून दुसरी आणली. घरी येऊन पान्यानं ती आवळली, साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहिलं आणि हात धुतले. मग लक्षात आलं की ही सवय माझ्या माहेरची नाही आणि सासरचीही नाही. ती मुजुमदार काकांची आहे.

पंधरा दिवसांपूर्वी जबलपूरहून त्यांच्या मुलीचा फोन आला होता. काका गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास दिला नाही. मी धारला चार घरी कळवलं. दोन घरांतून “अरेरे” आलं. एका घरातून काहीच आलं नाही. चौथ्या घरी बाई म्हणाल्या, “गेले का? एका ओळीसाठी चौदा घरांच्या चुली विझवल्या होत्या म्हाताऱ्यानं.”

ही गोष्ट धारमध्ये अशीच सांगतात. काकांनी कधी कुणाला उत्तर दिलं नाही आणि मीही दिलं नाही. गोष्ट अर्धी खरी आहे. उरलेली अर्धी माझ्याजवळ आहे, म्हणून लिहिते.

आमची कंपनी म्हणजे देवासला तीन खोल्यांचं ऑफिस, धारच्या हवाईपट्टीवर एक हँगर आणि दोन पंख्यांचं एक जुनं विमान. रुग्णांना मोठ्या शहरांतल्या इस्पितळांत पोचवणं हे मुख्य काम. मधूनमधून कारखानदार, निवडणुकीत पुढारी. मालक भैयासाहेब जाधव. त्यांचे पणजोबा देवासच्या दरबारात घोडे सांभाळत, आणि भैयासाहेबांना तेच वेड विमानांचं होतं. माणूस वाईट नव्हता. पगार वेळेवर द्यायचा. आम्ही चौदा जण होतो. माझ्याकडे कागद होते: परवाने, विमा, सरकारी पत्रव्यवहार. काका देखभालीचे प्रमुख. विमान उडायला योग्य आहे, अशी सही त्यांची. ती नसेल तर विमान म्हणजे हँगरात उभं केलेलं लोखंडी कपाट.

काका मूळचे धारचे. हवाई दलात तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली, निवृत्त झाले आणि आमच्याकडे आले. बुटके, गोरे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. खिशात पेनाऐवजी टॉर्च. गळ्यात दोन चष्मे, एक लांबचा, एक जवळचा. दोन्हींच्या दोऱ्या सतत गुंतायच्या आणि ते सतत सोडवायचे. धारला राहून देवासच्या ऑफिसात यायचं म्हणजे इंदूरला बस बदलायची. आठवड्यातून दोनदा ते येत. मराठी जुन्या वळणाची. सगळ्यांना ‘आपण’ म्हणायचे, अगदी हँगरमधल्या मांजरालाही: “आपण इथून उठावं, इथे तेल सांडलंय.”

नकाराचा ‘नाही’ त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. अजून विचार चालू असेल तर म्हणत, “बघतो.” विचार संपला आणि उत्तर नकाराचं असेल तर म्हणत, “पाहिलं.” एवढंच. ‘पाहिलं’ आलं की पुढे बोलण्यात अर्थ नसे. आणि होकार असेल तर काहीच म्हणत नसत, सही करून कागद सरकवत.

काम संपलं की हँगरमध्ये फडक्यावर हत्यारं मांडून मोजायची, ही त्यांची रोजची पूजा. मोजणी ‘एक’पासून सुरू होत नसे. जुन्या घरांत धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणतात, तसं ते म्हणत. लाभ, दोन, तीन, चार, असं सव्वीसपर्यंत. नालछ्याचा कैलाश त्यांच्या हाताखालचा मेकॅनिक, चाळिशीचा, दोन मुलींचा बाप. तो मागे उभा राहून कंटाळायचा. एकदा निवडणुकीच्या दिवसांत एक पुढारी विमानात जाऊन बसलेले, बाहेर हार-तुरे, आणि फडक्यावर हत्यारं पंचवीस.

“काकासाब, नेताजी का पीए चिल्ला रहा है,” कैलाश म्हणाला.

“चिल्लाने दो भिया. गिनती में एक कम है.”

पुढाऱ्याला खाली उतरवलं. दोन्ही इंजिनांची झाकणं पुन्हा उघडली. पाऊण तासानं काडीवरचा छोटा आरसा सापडला, तो कैलाशच्याच शर्टाच्या खिशात. काकांनी आरसा फडक्यावर ठेवला, पुन्हा ‘लाभ’पासून सव्वीसपर्यंत मोजलं आणि पीएला म्हणाले, “अब जा सकते हैं.” भैयासाहेबांनी दुसऱ्या दिवशी फोनवर खूप ऐकवलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं. आरसा कुणाच्या खिशात होता, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. मला कैलाशनंच सांगितलं.

त्यांचं दुसरं काम बिनपगारी होतं. माळव्यात आमची मराठी घरं मोजकी. धार, देवास, इंदूर, रतलाम, उज्जैन, फार तर ग्वाल्हेर. लग्नं जमवायची तर सगळे सगळ्यांना लांबून ओळखतात आणि जवळून कुणीच ओळखत नाही. त्यामुळे स्थळ आलं की लोक काकांकडे येत. काका पत्रिका बाजूला ठेवत आणि माणसाची कुळी विचारत. कुळी म्हणजे नुसतं घराणं नव्हे. तो कुठे जन्मला, कुठे शिकला, कुठल्या वर्षी कुठे होता, सलग सांगा.

माझ्या भाचीला रतलामचं स्थळ आलं. मुलगा चांगला, नोकरी चांगली. सगळ्यांना घाई. काकांनी समोर बसवून मुलाला विचारलं, “आपलं कॉलेज संपलं त्या वर्षापासून नोकरी लागेपर्यंत दोन वर्षं मोकळी दिसतात. तेव्हा आपण कुठे होतात?”

मुलाची आई लगेच म्हणाली, “कॉम्प्युटरचा कोर्स करत होता.”

“मी त्यांना विचारलं,” काका म्हणाले.

मुलगा खाली बघत म्हणाला, “स्पर्धापरीक्षेत दोनदा नापास झालो. घरात बसून होतो. आई सांगू नको म्हणाली.”

मुलाची आई रडायला लागली. माझी बहीण माझ्याकडे बघायला लागली. काकांनी चहाचा कप खाली ठेवला आणि बहिणीला म्हणाले, “द्या मुलगी. वर्षं मोकळी असली तर बिघडत नाही. ती भरून सांगितली असती तर मी उठलो असतो.” भाची आज सुखात आहे. नवरा अजून काकांचं नाव निघालं की कानाला हात लावतो.

हे सगळं आधी लिहिलं, कारण पुढे जे झालं ते या माणसाच्या बाबतीत झालं.

आमच्या जुन्या विमानाच्या इंजिनांचं आयुष्य संपलं. दुरुस्तीत अर्थ नव्हता. ते सुट्या भागांत विकलं. आता कंपनीच्या नावावर एकही विमान नाही. सरकारी नियम असा की विमानच नसेल तर उड्डाणाचं परमिट ठरावीक मुदतीपर्यंतच राहतं. आमची मुदत एकतीस मार्चची होती. तोपर्यंत दुसरं विमान नावावर दाखवलं नाही तर परमिट जाणार. ते मिळवायला भैयासाहेबांची सहा वर्षं गेली होती. पुन्हा मिळणं शक्य नव्हतं. परमिट गेलं की चौदा जण घरी. इतकं सरळ होतं.

नवं विमान आमच्या ऐपतीचं नव्हतं. भैयासाहेबांनी दिल्लीच्या एका दलालामार्फत वापरलेलं छोटं जेट शोधलं. आठ जणांचं, दोन इंजिनांचं, अठरा वर्षांचं. फोटोत पांढरंशुभ्र, पोटावर निळी रेघ. धारची पट्टी जेटला पुरत नव्हती, म्हणून ते उभं राहणार होतं इंदूरला, पण ऑफिसात सगळ्यांच्या मोबाइलवर त्याचा फोटो लागला. कैलाशनं तर मुलींना दाखवून ठेवला.

असं विमान घेण्याची एक रीत असते. आधी तुमच्या माणसानं विमान आणि त्याचे कागद तपासायचे. मग स्वीकृतिपत्रावर सही करायची. ती सही झाली की अनामत परत मागता येत नाही. ही रीत मी भैयासाहेबांना मराठीत, हिंदीत आणि कागदावर खुणा करून समजावली होती.

रथसप्तमीच्या दिवशी सकाळी अकराला मी ऑफिसात पोचले, तर टेबलावर पेढे. स्वीकृतिपत्राची छापील प्रत, तिच्या कोपऱ्यात कुंकवाचं बोट, खाली भैयासाहेबांची सही. दलालाला फोटो काढून पाठवूनही झाला होता.

“शुभाताई, गुरुजी म्हणाले सूर्याच्या रथाचा दिवस आहे, वाहनाला याच्यासारखा मुहूर्त वर्षभर नाही,” भैयासाहेब म्हणाले. “दस बजके बारा मिनिट को साइन कर दिया. तपासणी तो होती रहेगी.”

काका त्या दिवशी ऑफिसात होते. पेढा हातात तसाच.

“भैयासाहेब, आपण सुपारी फोडलीत? मुलगी पाहण्याआधी?”

“काका, चांगलंच निघेल हो. आपण कशाला अशुभ बोलता?”

काकांनी पेढा रुमालात बांधला आणि खिशात ठेवला. बायकोला मालतीबाईंना गोड लागायचं. मला म्हणाले, “शुभाबाई, दिल्लीची तिकिटं काढा. आपणही चला. कागद फार असतील.”

दिल्लीत तीन दिवस होतो. बरोबर मालतीबाईंनी दिलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी. हँगरमध्ये विमान फोटोपेक्षा छान दिसत होतं. दलाल खन्ना नावाचा, फार आदबशीर. काकांनी विमानात शिरण्याआधी बूट काढले आणि मोज्यांवर आत गेले. वाकून, रांगत, टॉर्च दातात धरून ते सीटांखाली शिरले.

“अंकल, लेदर देखिए, पूरा नया करवाया है.”

“लेदर उड़ता नहीं है, साब,” सीटखालून आवाज आला.

मग कागद. लॉगबुकं एका लांब टेबलावर मांडली होती. खन्नानं वरचं एक पान काढून दिलं. “सब समरी में है, अंकल. टाइम बचेगा.”

काकांनी ते पान बाजूला ठेवलं, सगळ्यांत जुनं पुस्तक ओढलं आणि पहिल्या पानापासून वाचायला बसले. विमान कारखान्यातून बाहेर पडलं त्या दिवसापासून. दोन दिवस. मी शेजारी बसून ते सांगतील ते आकडे लिहून घेत होते. जेटच्या इंजिनात आत काही चकत्या फिरतात. दर उड्डाणाला त्यांचं आयुष्य एकानं कमी होतं. ठरलेली उड्डाणं झाली की चकती काढून टाकायची, दिसायला कितीही नवी असली तरी. आणि ती किती वेळा उडाली, हे चकतीकडे बघून कळत नाही. ते फक्त कागदावर असतं. कागद तुटला तर चकतीचं उरलेलं आयुष्य किती, ते कुणालाच सांगता येत नाही. हवेत ती फुटली तर इंजिनाचं कवच तिला थोपवेलच असं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका थांबले. एक पान मागे गेले, एक पुढे आले. “अकरा महिने नाहीत.”

आधीची कंपनी बुडाली होती आणि विमान दुसऱ्या मालकाकडे गेलं होतं. मधल्या अकरा महिन्यांचं पुस्तकच नव्हतं.

“खड़ा था, अंकल. हँगर में खड़ा था,” खन्ना म्हणाला. “उड़ा ही नहीं, तो लिखेंगे क्या?”

“बघतो,” काका म्हणाले.

मला वाटलं, एवढ्यावर मिटेल. खरंच उभं असेल विमान, आणि तसं सिद्ध झालं तर प्रश्नच नव्हता. काकांनाही तसंच व्हायला हवं होतं. रात्रीच्या जेवणाला ते म्हणालेही, “उभं असावं. देवा, उभं असावं.” त्यांना देवाकडे काही मागताना मी पहिल्यांदा ऐकलं.

तिसऱ्या दिवशी शेपटीकडचं एक झाकण उघडून त्यांनी ऑक्सिजनचा बाटला पाहिला. बाटल्याच्या गळ्याला पुठ्ठ्याचं कार्ड बांधलेलं होतं, तो भरल्याच्या नोंदींचं. लॉगबुकं गेली, पण हे कार्ड कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. त्या अकरा महिन्यांत बाटला पाच वेळा भरलेला. तीन वेगवेगळ्या गावांचे शिक्के.

काकांनी मला जवळ बोलावलं आणि टॉर्च धरायला दिला. “शुभाबाई, उभ्या विमानाला ऑक्सिजन कोण पाजतं?”

त्यांनी कार्डाचा फोटो काढला आणि झाकण लावलं. खन्नाला काही म्हणाले नाहीत. विमान उडालं होतं, एवढं नक्की. पन्नास वेळा की पाचशे वेळा, ते सांगणारं पुस्तक नव्हतं. चकत्या बदलायच्या तर इंजिनं खोलून महिनोन्महिने थांबायचं, आणि हातात सात आठवडे होते. अनामत तर रथसप्तमीला दहा बाराला गेलीच होती.

परतीच्या गाडीत मी वाट बघत होते की ते ‘पाहिलं’ म्हणतील. भोपाळ गेलं, तरी नाही. देवासला उतरताना म्हणाले, “बघतो.”

ते सात आठवडे मी काकांना जसं पाहिलं, तसं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. नकार देण्यात त्यांना मजा येते, असं ऑफिसात काही जणांना वाटायचं. त्या लोकांनी तेव्हा काकांना पाहायला हवं होतं. हा माणूस होकाराची वाट शोधत फिरत होता. बुडालेल्या कंपनीतल्या जुन्या इंजिनिअरचा नंबर त्यांनी कुठून कुठून मिळवला. पहिल्यांदा तो “राँग नंबर” म्हणाला, नंतर त्यानं फोनच उचलला नाही. ज्या तीन गावांचे शिक्के होते तिथल्या विमानतळांना मी त्यांच्या सहीनं पत्रं पाठवली: या विमानाची ये-जा किती झाली, कृपया कळवा. दोन ठिकाणांहून उत्तर नाही. तिसरीकडून आलं की माहिती मागवण्यासाठी योग्य नमुन्यात अर्ज करावा. आम्ही केला. आठवड्यातून दोनदा येणारे काका रोज यायला लागले. धारहून पहिली बस. टपाल आलं का, एवढंच विचारायचं आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचं. चष्म्याच्या दोऱ्या गुंतलेल्या असायच्या आणि ते सोडवत नसत.

सगळ्यांना कळलं होतं. खन्नानं तोड सुचवली होती: विमान उभं होतं असं त्याचा आत्ताचा मालक लिहून देईल, फक्त तुमच्या देखभाल-प्रमुखानं ‘मी तपासणीवरून खात्री केली’ असं स्वतःच्या हातानं लिहून सही करायची. एक ओळ. तेवढ्यावर कागद पुढे सरकतील.

मार्चच्या मध्याला भैयासाहेब मला बरोबर घेऊन धारला काकांच्या घरी गेले. मालतीबाईंनी पोहे केले, वर शेव. भैयासाहेबांनी वाकून नमस्कार केला.

“काका, मी खोटं लिहा म्हणत नाही. आपल्याला जो संशय आहे, तो फक्त लिहू नका. संशयच तर आहे ना.”

“पाच वेळा भरलाय बाटला, भैयासाहेब.”

“कुणी चुकून भरला असेल. काका, मी काय करू सांगा. मी या पोरांना काय सांगू? कैलाशला काय सांगू?”

काका म्हणाले, “पोहे घ्या. गार होतायत.” निघताना ते चपला घालायला बसले. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, आणि बक्कल लागेना.

कैलाशनं वेगळ्या तऱ्हेनं विचारलं. हँगर रिकामं झालं होतं, म्हणून तो देवासला येऊन आमचं ऑफिस झाडायचा. एका दुपारी झाडू ठेवून म्हणाला, “काकासाब, चालीस के बाद मेकॅनिक को कोई नहीं रखता. पीथमपूर की फॅक्टरियों में पूछ आया. बोले, जहाज़वाले का यहाँ क्या काम?” मग कैलाश म्हणाला, “उस दिन शीशा मेरी जेब में था. आपने नहीं बताया. मेरे लिए तो आप पहले भी चुप रहे हो.”

तो वाईट हेतूनं बोलला नाही. पण काकांनी टॉर्च खिशातून काढला, लावला, बंद केला, पुन्हा लावला. दिवसाउजेडी.

तीस मार्चला सकाळी भैयासाहेब भोपाळला गेले, मुदत वाढते का ते बघायला. जाताना मला म्हणाले, “शुभाताई, ते तुमचं ऐकतात. कसंही करून घ्या.” दुपारी त्यांचा फोन आला. मुदत वाढत नव्हती.

काका कागदांच्या खोलीत बसले होते. मी दार लावलं, कोरा कागद आणि पेन समोर ठेवलं. ओळ मी वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आणली होती: ‘सदर अकरा महिन्यांत विमान हँगरमध्ये उभे होते, याची मी प्रत्यक्ष तपासणीवरून खात्री केली आहे.’ मूळ इंग्रजीत लिहायची होती, पण त्यांना समजावी म्हणून मी मराठीत केली होती, जसं काही त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

“काका, चौदा घरं आहेत,” मी म्हणाले. “ओळ एक आहे.”

त्यांनी चिठ्ठी जवळ ओढली.

“पुढच्या वर्षी चकत्या बदलून घेऊ. भैयासाहेब शब्द देतात. तोपर्यंत जपून उडवू.”

“जपून म्हणजे कसं, शुभाबाई?”

मी म्हणाले, “आपण तरी किती दिवस असे बसून राहणार आहात?”

त्यांनी चिठ्ठी वाचली. जवळचा चष्मा काढला, लांबचा लावला आणि माझ्याकडे पाहिलं. “आपण बसाल त्यात?”

“बसेन,” मी म्हणाले.

मी लगेच म्हणाले. थोडी थांबले असते तर त्यांनी लिहिलं नसतं, असं मला वाटतं. त्यांनी मान हलवली, पेन उचललं आणि माझ्या शब्दावर लिहायला सुरुवात केली. अक्षर चांगलं होतं त्यांचं. मध्येच थांबून त्यांनी तारीख विचारली. मी सांगितली. सही झाली. या वेळी त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला नाही. तो टेबलावर तसाच ठेवला, खुर्ची मागे ढकलली आणि म्हणाले, “मालतीला बरं नाही. चार वाजताची बस मिळेल.”

“काका, चहा तरी—”

“नको.”

मी खिडकीशी गेले. खाली रस्त्याच्या पलीकडे उसाच्या रसाची गाडी होती. काकांनी रस घेतला. ग्लास हातात धरून ते उभे राहिले. इंदूरची एक बस आली आणि गेली. ते प्यायले नाहीत. ऊन ग्लासवर पडत होतं. बऱ्याच वेळानं रसवाल्यानं त्यांच्या हातातून ग्लास काढून घेतला, त्यात आणखी बर्फ टाकला आणि पुन्हा त्यांच्या हातात दिला. काकांनी त्याला नमस्कार केला. मग दुसरी बस मध्ये आली आणि पलीकडचं काही दिसेनासं झालं. ती हलली तेव्हा गाडीवर भरलेला ग्लास होता, काका नव्हते.

त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. मे महिन्यात ते आणि मालतीबाई मुलीकडे जबलपूरला राहायला गेले. ते विमान पुढे कुणी घेतलं, ते मला ठाऊक नाही.

सहीच्या दुसऱ्या दिवशी, एकतीस मार्चला, सकाळी मी दूध तापवलं. माझा मुलगा कॉलेजला निघाला होता, दारात बूट घालत होता. मी त्याच्याकडे पाहून स्वतःला विचारलं, याला बसवशील त्या विमानात? उत्तर शोधावं लागलं नाही. साडेआठला ऑफिस उघडलं. कागदांच्या खोलीत जाऊन काकांचा कागद घेतला, त्याचे आठ तुकडे केले आणि माझ्या पर्समध्ये टाकले. ऑफिसच्या टोपलीत टाकले असते तर झाडताना कैलाशला दिसले असते. मग परमिट परत करण्याचं पत्र टाईप केलं.

भैयासाहेब दहाला आले. दाढी केलेली नव्हती. दारातूनच विचारलं, “काकांनी दिलं?”

“नाही,” मी म्हणाले. “काकांनी लिहून दिलं नाही.”

ते बसले. मी पत्र समोर ठेवलं, कुठे सही करायची तिथे बोट ठेवलं. सही झाल्यावर चौदा जणांची अनुभवपत्रं काढायला बसले. पहिलं कैलाशचं केलं. त्याला लगेच लागणार होतं.